तुरुंगातल्या आजारी राजबंद्यांसाठी पत्रं लिहायची आहेत. कुणाला लिहू, काय मागू?

वैनगंगा_काठ

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, हात होत नव्हता.

नोव्हेंबर २०२० मध्ये मी नागपुरात सीताबर्डीवर बाळांच्या सामानाच्या दुकानात सिपर घ्यायला गेले होते. दोन कानांचा, झाकणाला नळी असलेला, साधा प्लास्टिकचा. दुकानदाराने सहज विचारलं, "बाळ केवढं आहे?" मला उत्तर देता येईना. तो सिपर झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणाऱ्या फादर स्टॅन स्वामींसाठी होता. वय ८३. पार्किन्सनमुळे हात इतके थरथरायचे की ग्लास तोंडाशी नेईपर्यंत पाणी सांडायचं. ८ ऑक्टोबरला एल्गार परिषद प्रकरणात (पुण्यातली परिषद, आरोप माओवाद्यांशी संबंधांचा) रांचीहून त्यांना अटक झाली आणि तळोजा कारागृहात ठेवलं गेलं. ६ नोव्हेंबरला त्यांनी न्यायालयाकडे नळी आणि सिपर मागितला. एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणेने) उत्तर द्यायला वीस दिवस मागितले आणि २६ तारखेला सांगितलं की त्यांचा सिपर आमच्याकडे नाही. त्यानंतर देशभरातल्या कितीतरी अनोळखी माणसांनी सिपर विकत घेऊन पाठवले, त्यातला एक माझा. माझा पोचला का ते कळलं नाही, पण त्यांना सिपर मिळाला हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते.

त्या वेळी वाटलं, लोकांनी आवाज केला की होतं. पुढच्या जुलैत ते गेले. ५ जुलै २०२१ ला उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी सुरू व्हायची होती आणि त्यांच्या वकिलांनी न्यायमूर्तींना सांगितलं की आता अर्ज चालवायला माणूस उरलेला नाही.

पण धागा काढायचं खरं कारण दुसरं आहे. मी गडचिरोलीची. आमच्या एटापल्ली तालुक्यातला पांडू नरोटे हे नाव इथे किती जणांनी ऐकलंय? दिल्ली विद्यापीठातले प्रा. जी. एन. साईबाबा, त्यांच्यावरच्या माओवादी संबंधांच्या खटल्यात त्यालाही जन्मठेप झाली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर कारागृहात त्याला ताप आला. स्वाइन फ्लू निघाला. २५ ऑगस्टला तो मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मेला. वय ३३. उपचार वेळेवर झाले नाहीत असं त्याच्या वकिलांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, १४ ऑक्टोबरला नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातल्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली, पुन्हा सुनावणी झाली आणि ५ मार्च २०२४ ला पुन्हा निर्दोषच. दोन्ही वेळा निकालपत्रात पांडूचं नाव होतं, ऐकायला पांडू नव्हता.

त्याच्यासाठी कुणी सिपर घेतला नव्हता. मीसुद्धा नाही. तो तापाने फणफणत होता तेव्हा मी नागपुरातच, तुरुंगापासून फार तर पाच किलोमीटरवर होते आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

तर विचारायचं हे की पत्रं लिहायची तर कुणाला लिहावीत? सुटका मागावी की उपचार? दोन्ही एका पत्रात चालतं का? ज्यांना कायद्यातलं किंवा दवाखान्यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खडीसाखर

वाचतेय. पांडू नरोटे हे नाव आज पहिल्यांदा वाचलं. लिहा अजून.

पांझरा

ताई, तुमच्या भावना समजल्या, पण माझं थोडं वेगळं मत आहे. राग मानू नका.

माझा मावसभाऊ गडचिरोलीत पोलिसात होता. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला नक्षलवाद्यांच्या भूसुरुंग स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेले, तेव्हा तो जिल्ह्यातच होता. दोन दिवस फोन लागत नव्हता. मावशीने त्या दोन दिवसांत पाण्याचा घोटही घेतला नाही. त्या पंधरा घरांसाठी कुठे पत्रमोहीम झालेली मी पाहिली नाही. यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, उगाच लागत नाही. न्यायालयं आहेत, ती बघतील. आजारपण पुढे करून जामीन मागणं हा वकिलांचा नेहमीचा मार्ग आहे, हे एनआयएनेही न्यायालयात म्हटलं होतं.

आणि राजबंदीच का? चोरीच्या केसमधल्या आजारी कैद्याचं काय?

वैनगंगा_काठ

राग कशाला मानू दादा. त्या १५ जणांतले काही आमच्या शेजारच्या गावांतले होते. एकाच्या घरी मी गेले होते. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकीला "जेवलीस का" विचारत होती. ते दुःख मी कमी लेखत नाही, तुम्हीही तसं समजू नका.

पण त्या आईला पांडूला औषध उशिरा मिळाल्याने काय मिळालं, हे मला कुणी सांगावं. आणि पांडूवरचा गुन्हा टिकलाच नाही. ज्याने केलंच नव्हतं त्याची शिक्षा मरणाची झाली, तीही न्यायालयाने न सांगितलेली.

रानजाई

पांझरा यांच्या शेवटच्या प्रश्नावर लिहिते, कारण ते मी रोज पाहिलंय. मी डॉक्टर आहे. नोकरीची पहिली काही वर्षं एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात होते, तिथे कैद्यांचा वॉर्ड होता. जिल्हा सांगत नाही.

आजारी कैदी रुग्णालयात येतो कसा ते आधी सांगते. तुरुंगातले डॉक्टर चिठ्ठी देतात. मग त्याला घेऊन यायला पोलिसांचा गार्ड लागतो, तो तुरुंगाचा नसतो, पोलीस मुख्यालयातून येतो. बंदोबस्त, मोर्चा, व्हीआयपी दौरा, गणपती, निवडणूक, काहीही असलं की गार्ड मिळत नाही. मग तारीख जाते. आमच्या ओपीडीची वेळ दुपारी एकपर्यंत, आणि कैद्याची गाडी यायची दीडला. आम्ही थांबलो तर तपासणी व्हायची, पण सोनोग्राफीवाला गेलेला असायचा. केसपेपरवर मी लिहायचे, "पुढील तपासणीसाठी आठ दिवसांनी आणावे." आठ दिवसांनी बहुतेक वेळा कुणी यायचं नाही. काही वेळा तोच माणूस तीन महिन्यांनी यायचा, स्ट्रेचरवर.

एक म्हातारे गृहस्थ होते, मधुमेही, पायाला जखम. पायाची नाडी बघायला मी बोटं ठेवायला गेले तर तिथे बेडी. साखळीचं दुसरं टोक पलंगाला. मी शिपायाला म्हटलं, जरा काढा. तो म्हणाला, "मॅडम, किल्ली साहेबांकडे आहे, साहेब चहाला गेलेत." तो शिपाई काही वाईट नव्हता. त्याच म्हाताऱ्याला तो आपल्या डब्यातली पोळी देत असे. वीस मिनिटं आम्ही तिघं किल्लीची वाट बघत बसलो. ते गृहस्थ जमिनीच्या भांडणातल्या केसमधले होते, राजबंदी नव्हते.

म्हणजे पांझरा, तुमचं म्हणणं बरोबर आहे, साधा कैदीही तसाच खितपत पडतो. देशात तुरुंगात असलेल्या दर चार माणसांतली तीन माणसं कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. फरक एवढाच की साध्या केसमध्ये आजारी माणसाला जामीन मिळण्याची वाट तरी असते. यूएपीएत तीच वाट जवळपास बंद असते, म्हणून आजारपण तुरुंगातच काढावं लागतं, आणि तेही वर्षानुवर्षं. आणि एका राजबंद्याच्या निमित्ताने गार्डची, औषधांची पद्धत सुधारली तर ती बाजूच्या बराकीतल्या चोरीच्या कैद्यालाही लागू होते.

मोहफूल

डॉक्टर, किल्लीचं वाचून पोटात कालवलं.

वकीलपत्र

फौजदारीचं काम करतो, म्हणून वैनगंगाताईंच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. थोडं लांबेल.

यूएपीएच्या कलम ४३ड(५) प्रमाणे आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तर न्यायालयाला जामीन देता येत नाही. आणि "सकृतदर्शनी" ठरवताना बहुतेक आरोपपत्रच पाहिलं जातं. करोनाच्या काळात तुरुंगातली गर्दी कमी करायला उच्चाधिकार समिती नेमली होती, तिने हंगामी जामिनाच्या यादीतून यूएपीएसारखे विशेष कायदे वगळले. म्हणजे सगळ्यात म्हातारी, आजारी माणसंसुद्धा कलम पाहून आत राहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नजीब प्रकरणात म्हटलं की खटला लांबत असेल आणि माणूस वर्षानुवर्षं आत असेल, तर घटनात्मक न्यायालयं या कलमाच्या पलीकडे जाऊन जामीन देऊ शकतात. त्याच महिन्यात, २२ फेब्रुवारीला, मुंबई उच्च न्यायालयाने याच एल्गार प्रकरणातले तेलुगू कवी वरवरा राव यांना सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन दिला. एनआयएचं म्हणणं होतं की वयाचा आणि साथीचा गैरफायदा घेतला जातोय. न्यायालयाने वैद्यकीय अहवाल वाचले, तुरुंगातल्या दवाखान्यात काय सोय आहे ते पाहिलं आणि म्हटलं की या माणसाला तिथे परत पाठवणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जामीन कायम केला. ते आज बाहेर आहेत ते या आदेशामुळे.

आता हा आदेश आला कसा ते बघा. जुलै २०२० मध्ये राव यांचा घरी फोन आला. बोलताना शब्द लागत नव्हते, भलतंसलतं बोलत होते. वडील वारले तेव्हाचं, आई गेली तेव्हाचं असं बोलू लागले. घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना बोलावून ते जसंच्या तसं सांगितलं. "सुटका करा" हे होतंच, पण सगळ्यात आधीची मागणी होती: आमचा माणूस भ्रमात आहे, त्याला आत्ता रुग्णालयात हलवा. त्यानंतर एकदोन दिवसांत त्यांना हलवलं गेलं आणि तपासणीत करोना निघाला.

त्यामुळे माझं मत असं की सुटका आणि उपचार ही पत्रं वेगवेगळी असावीत. सुटकेचं पत्र सरकारला, लोकप्रतिनिधींना, वर्तमानपत्रांना. उपचाराचं पत्र कारागृह अधीक्षकांना, त्याची प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, राज्य मानवी हक्क आयोगाला आणि ज्या न्यायालयात खटला आहे तिथल्या वकिलांना. उपचाराच्या पत्रात विचारधारा, खटल्याचा खरेखोटेपणा काही नको. नाव, वय, आजार, कोणत्या तारखेला कोणती तपासणी व्हायला हवी होती, ती झाली का, नसेल तर का. एवढंच. अधीक्षकाच्या टेबलावर असं पत्र गेलं की त्याला उत्तर द्यावं लागतं किंवा उत्तर न दिल्याची नोंद होते. दोन्ही आपल्या कामाचं.

जुनापुणेकर

वकीलसाहेब, पत्राने खरंच काही होतं का? अविश्वासाने विचारत नाही, वय ७१ आहे, आता जे करायचं ते उपयोगी पडावं असं वाटतं.

वकीलपत्र

काका, होतं. १९९५ चं एक प्रकरण सांगतो. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर गुवाहाटीला गेले होते. तिथल्या रुग्णालयात त्यांनी टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखालचे सात कैदी पाहिले. हातात बेड्या, वर दोराने पलंगाला बांधलेले, आणि वॉर्ड बाहेरून कडीकुलपात. परत आल्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि निकाल दिला की दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय कैद्याला बेड्या घालता येणार नाहीत, रुग्णालयात दाखल असतानाही नाहीत. डॉक्टरांनी जी साखळी पाहिली ती या निकालाच्या विरुद्ध होती.

दुसरं आपल्या घरचं. २०१५ मध्ये साईबाबांची प्रकृती ढासळत होती. एका सामाजिक कार्यकर्तीने मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. त्याचीच याचिका झाली आणि जूनअखेर त्यांना उपचारांसाठी तीन महिन्यांचा जामीन मिळाला. एक पत्र, काका.

जुनापुणेकर

मग मी लिहिणार.

माझे वडील आणीबाणीत, १९७५ ते ७७, मिसाखाली येरवड्याला होते. मी तेव्हा कॉलेजात. आई दर भेटीला त्यांच्या दम्याच्या गोळ्या घेऊन जायची आणि फाटकावर त्या ठेवून घ्यायचे. आत पोचतात का, किती पोचतात, हे वडिलांचा चेहरा बघून ओळखायचं. बोलताना ते वाक्याच्या मध्ये थांबले तर आई घरी येताना रिक्षात एक शब्द बोलायची नाही. वडिलांच्या बराकीत समाजवादी होते, संघाचे होते, जमात-ए-इस्लामीचेही होते. कुणाला दमा, कुणाला साखर, कुणाला मूळव्याध. विचाराने एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं एकमेकांची औषधं सांभाळत, असं वडील शेवटपर्यंत सांगत. म्हणून मला या विषयात कोण कुठल्या बाजूचा हे विचारावंसं वाटत नाही.

त्याच काळात जयप्रकाशजी चंडीगढला स्थानबद्ध होते. तिथेच त्यांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. नोव्हेंबर १९७५ ला सोडलं तेव्हा फार उशीर झाला होता, मुंबईत जसलोकला आणलं आणि उरलेलं आयुष्य डायलिसिसवर गेलं. यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. बंगळूरच्या तुरुंगात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी दम्याने झिजत होत्या. जानेवारी १९७७ मध्ये पॅरोलवर बाहेर आल्या आणि पाच दिवसांत गेल्या. स्टॅन स्वामींची बातमी वाचली त्या दिवशी मला त्याच आठवल्या.

आणखी मागचं सांगू का? नगर रस्त्याने जाताना आगाखान पॅलेस लागतो. कस्तुरबा तिथे बंदिवासात आजारी होत्या, त्यांना वैद्याचं औषध हवं होतं. परवानगीसाठी गांधीजींना सरकारशी किती पत्रव्यवहार करावा लागला! अखेर वैद्य शिवशर्मा आले, पण रात्री आत थांबायची मुभा नाही. त्यांनी फाटकाबाहेर स्वतःच्या मोटारीत झोपून रात्री काढल्या, म्हणजे रात्री-बेरात्री हाक आली तर लगेच आत जाता यावं. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीला, बा गेल्या. मी त्या फाटकासमोरून गेलो की ती मोटार कुठे उभी असेल असं दर वेळी मनात येतं.

रानजाई

काका, तुमच्या आईंची रिक्षा डोळ्यांसमोर आली.

नातेवाइकांना चेहऱ्यावरून प्रकृती ओळखावी लागते हे आजही तसंच आहे. कैद्याचे केसपेपर घरच्यांना दाखवत नाहीत. "ठीक आहे" एवढंच सांगतात. म्हणून पत्रात एक मागणी नक्की घाला: वैद्यकीय कागदपत्रांची प्रत कुटुंबाला किंवा वकिलाला द्या. कागद हातात आले तर बाहेरचा तज्ज्ञ ते वाचून सांगू शकतो की काय राहून गेलंय. कागद नसतील तर आम्ही डॉक्टरही काही बोलू शकत नाही.

दूरदेशी

मी जर्मनीत असते. इथे आमच्या गावात अ‍ॅम्नेस्टीचा छोटा गट आहे, महिन्यातून एकदा चर्चच्या खोलीत जमतो, बहुतेक सगळ्या निवृत्त शिक्षिका. आम्ही इराणमध्ये कैदेत असलेल्या मानवी हक्क कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदींसाठी बरीच पत्रं लिहिली. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांना हृदयाच्या तपासणीसाठी रुग्णालयात न्यायचं होतं, पण त्यांनी डोक्यावर हिजाब घ्यायला नकार दिला म्हणून नेलं नाही. त्यांनी उपोषण केलं, मग नेलं. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तीन आठवड्यांसाठी बाहेर सोडलं. आमच्या पत्रांनी सोडलं असं मी म्हणणार नाही, जगभरचा रेटा होता.

पण गटातल्या एका आजींकडून शिकलेली गोष्ट सांगते. त्या प्रत्येक पत्रात एकच मागणी लिहितात आणि महिन्याने त्याच मागणीचं दुसरं पत्र, पहिल्याची तारीख घालून. "माझ्या अमुक तारखेच्या पत्राचं उत्तर मिळालेलं नाही." ओळ तीच, दर महिन्याला. त्या म्हणतात, अधिकाऱ्याला कळलं पाहिजे की ही बाई थांबणार नाही.

दुसरं म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम. २०१५ पासून आहेत. त्यात स्पष्ट आहे की कैद्याला बाहेरच्या समाजात मिळतात त्याच दर्जाचे उपचार मिळाले पाहिजेत, आणि वैद्यकीय निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा, तुरुंगाच्या बिगर-वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो फिरवायचा नाही. पत्रात याचा उल्लेख करावा.

पांझरा

मी परत आलो. दोन दिवस विचार करत होतो.

जुनापुणेकर काकांचं वाचलं. माझे आजोबाही संघाचे, तेही तेव्हा आत होते, नाशिकला. आजी असंच काही सांगायची, मी लक्ष दिलं नव्हतं.

सुटकेच्या पत्रावर माझी सही मागू नका. ज्यांचे खटले चालू आहेत त्यांचं न्यायालय ठरवेल असंच मला वाटतं. पण औषध, चष्मा, तपासणी यावर माझी सही घ्या. चष्म्यावरून आठवलं, एल्गार प्रकरणातल्याच गौतम नवलखांचं काय झालं होतं? अर्धवट वाचलंय.

वकीलपत्र

तळोजात त्यांचा चष्मा चोरीला गेला, नोव्हेंबर २०२० मध्ये. त्याच्याशिवाय त्यांना जवळपास काही दिसत नव्हतं. घरून नवा पाठवला तो तुरुंगाने घेतला नाही, परत पाठवला. बातमी आली. दुसऱ्या आरोपींच्या सुनावणीत उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिंदे यांनी स्वतःहून तो विषय काढला आणि म्हटलं की माणुसकी सगळ्यात आधी, कारागृह अधिकाऱ्यांसाठीच कार्यशाळा घ्यायची वेळ आलीय.

तुमच्या सहीबद्दल मनापासून आभार. उपचाराचं पत्र वेगळं ठेवायचा माझा आग्रह यासाठीच होता.

मोहफूल

मला मात्र हे वेगळं ठेवणं पटत नाही आणि ते बोलायलाच हवं.

स्टॅन स्वामींनी २१ मे २०२१ ला व्हिडिओवरून उच्च न्यायालयाला काय सांगितलं होतं? आलो तेव्हा स्वतः चालत होतो, अंघोळ करत होतो, लिहीत होतो, एकेक करत सगळं गेलं. न्यायालयाने सरकारी रुग्णालयात हलवायची तयारी दाखवली तर ते नको म्हणाले. मला माझ्या माणसांत जायचंय, अंतरिम जामीन द्या, नाहीतर इथेच मरेन. आठवड्याने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिलीत हलवलं, तिथे चांगले उपचार मिळाले. पण तोवर करोना झालेला होता. आठ महिने एका ८३-८४ वर्षांच्या माणसाला त्या जागी ठेवणं हाच आजार होता. त्यावर औषध सुटका हेच. त्यांना आत भरवायला सहआरोपी अरुण फरेरा, अंघोळीला व्हर्नन गोन्सालविस मदत करत. कैदीच एकमेकांची शुश्रूषा करत होते.

साईबाबांचंही तेच. पोलिओने ९० टक्के अपंग, व्हीलचेअरवर, नागपूरच्या अंडा सेलमध्ये, म्हणजे अतिसुरक्षेच्या एकांत कोठडीत. मे २०२२ मध्ये, नागपूरच्या त्या उन्हात, पाण्याची प्लास्टिकची बाटली मिळावी आणि शौचालयाकडे रोखलेला कॅमेरा काढावा म्हणून त्यांना उपोषण करावं लागलं. आई मरणाला टेकली तेव्हा पॅरोल नाही, गेली तेव्हाही नाही. मार्च २०२४ मध्ये निर्दोष सुटले आणि १२ ऑक्टोबरला हैदराबादला शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत गेले. सात महिने. आपण बाटलीचं पत्र लिहीत बसलो आणि माणूस आतच संपला, असं पुन्हा व्हायला नको.

रानजाई

मोहफूल, तुमचं बरोबर आहे आणि तरीही मी बाटलीचं पत्र लिहीन. बाटली आज लागते. तहान जामिनाच्या तारखेपर्यंत थांबत नाही.

पैशाचाही प्रश्न आहे. एल्गार प्रकरणातल्याच प्रा. हनी बाबूंच्या डोळ्याला २०२१ मध्ये भयंकर संसर्ग झाला, डोळा धुवायलाही स्वच्छ पाणी नव्हतं असं घरच्यांनी सांगितलं. वकील धावले, न्यायालयाने खासगी रुग्णालयात हलवायला परवानगी दिली, स्वतःच्या खर्चाने. ज्याच्या घरी तेंदूपानाच्या हंगामावर वर्ष निघतं तो हा खर्च कुठून करणार? त्याच्यासाठी सरकारी व्यवस्थाच नीट चालली पाहिजे.

वैनगंगा_काठ

सगळ्यांचं तीनतीनदा वाचलं.

तेंदूपानाचं निघालं म्हणून सांगते. महेश राऊत आमच्याच भागात ग्रामसभांबरोबर तेंदूच्या लिलावाचं काम करायचा. एल्गार प्रकरणातच जून २०१८ ला आत गेला. २०२३ ला उच्च न्यायालयाने जामीन दिला, त्याला स्थगिती आली आणि जामीन हातात असून तो आतच राहिला. संधिवाताने सांधे धरले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचारांसाठी सहा आठवडे बाहेर सोडलं. त्याचं नाव मोठ्या शहरांत माहीत होतं म्हणून अर्ज झाले, बातम्या आल्या. पांडूसाठी हे कुणी करायचं होतं? मला वाटतं, मी. गोंडी येतं मला. त्याच्या घरी जाऊन बसू शकले असते.

म्हणून माझं ठरलंय. मोहफूल, सुटकेचं पत्र तुम्ही लिहा, त्यावर माझी पहिली सही. उपचाराच्या पत्राचा मसुदा मी खाली टाकतेय, कुणाच्या नावाचा नाही, आमच्या भागातून नागपूरला ठेवलेल्या सगळ्या बंद्यांसाठी. दुरुस्त्या सांगा.

*मा. अधीक्षक, मध्यवर्ती कारागृह, नागपूर यांस,
गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील जे न्यायबंदी व सिद्धदोष बंदी आपल्या ताब्यात आहेत, त्यांपैकी बऱ्याच जणांची भाषा गोंडी किंवा माडिया आहे. आजार सांगताना त्यांना मराठी-हिंदी शब्द सापडत नाहीत. विनंती की: १) कारागृहाच्या दवाखान्यात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी गोंडी-माडिया जाणणारी व्यक्ती असावी, मी स्वतः विनामोबदला यायला तयार आहे. २) बाहेरच्या रुग्णालयाची ठरलेली तारीख गार्डअभावी चुकल्यास त्याची लेखी नोंद व्हावी व सात दिवसांत दुसरी तारीख मिळावी. ३) बंद्याच्या संमतीने त्याच्या केसपेपरची प्रत कुटुंबास किंवा वकिलास मिळावी. ४) ताप तीन दिवसांहून अधिक राहिल्यास कुटुंबास फोनने कळवावे.*

वकीलपत्र

उत्तम. "विनंती" राहू द्या, पण शेवटी "पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे" घाला. प्रती कुणाकुणाला हे खाली लिहा, म्हणजे पत्र किती ठिकाणी गेलंय ते त्यांना दिसेल. आणि चौथा मुद्दा पहिला करा.

रानजाई

तीन दिवस नको. दोन करा. स्वाइन फ्लूत तिसऱ्या दिवशी उशीर होतो.

पांझरा

भाषेचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझी सही घ्या. मावसभाऊ आता नाशिकला आहे, त्याला मसुदा पाठवला. त्याने विचारलंय, पोलिसांचीही सही चालेल का.

वकीलपत्र

नोकरीत असेल तर त्याने करू नये, त्याच्यावर येईल. त्याला म्हणावं, गार्डच्या ड्यूटीवर असताना किल्ली जवळ ठेव.

जुनापुणेकर

मी हाताने लिहिणार आहे, टाइप नाही. स्पीड पोस्टाने की साध्या?

वैनगंगा_काठ

पोचपावती मिळेल असंच पाठवा काका, पावती जपून ठेवा. दोन दिवसांचं केलं, चौथा मुद्दा वर घेतला. माझं पत्र उद्या जातंय. पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला दुसरं लिहायचंय, तेव्हा पहिल्या पत्राची तारीख सगळ्यांनी या धाग्यावर नोंदवून ठेवा.

खडीसाखर

माझं आज गेलं. पावती पाकिटात ठेवलीय.